फुक्याचं पटांगण

शिट्टी वाजली की माणसं थांबतात, यावर पौर्णिमा थूलचा बावीस वर्षं पूर्ण विश्वास होता. हिंगणघाटच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि फुटबॉलच्या रेफ्रीची परीक्षा पास झालेली जिल्ह्यातली पहिली बाई. वय सत्तेचाळीस. अंगानं काटक, आवाज बारीक पण धारदार. चालणं असं की पाहणाऱ्याला वाटावं, हिला कुठंतरी उशीर झालाय. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. थोरला भाऊ बाहेरगावी, आणि आई, अन्नपूर्णाबाई, वारल्यावर घरात ती आणि ऐंशी वर्षांचे वडील मधुकरराव, दोघंच उरले होते.

मधुकरराव जन्मभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात राबले. कापूस भरलेले जड बोंद उचलून त्यांचे खांदे वाकले ते वाकलेच. लहानपणी पौर्णिमाचा फुटबॉल जिनिंगमधूनच यायचा. वाया गेलेली रुई, वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या, त्यावर सुतळी. गल्लीतली पोरं तिला खेळायला घेत नसत, तेव्हा ती कडेला उभी राहून पाही. एकदा बॉल नाल्यात गेला आणि शेवटचा पाय कुणाचा लागला यावरून पोरांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. अकरा वर्षांची पौर्णिमा मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, “बाळ्याचा पाय लागला. मी पाह्यलं.” पोरं गप्प झाली. बाळ्यासुद्धा. गोल मारण्यात काय सुख असतं ते तिला नंतर कळलं, आणि खरं सांगायचं तर फार मोठं वाटलंही नाही. त्या दिवशीची ती शांतता मात्र तिला जन्माची चटक लावून गेली.

तिचा एक किस्सा आर्वी तालुक्यात अजून सांगतात. रोहण्याला गावकीची स्पर्धा होती. शेवटच्या मिनिटाला पौर्णिमानं पाहुण्या संघाला पेनल्टी दिली आणि सगळं गाव मैदानात उतरलं. कोणी हात जोडले, कोणी धमक्या दिल्या, कोणी तिच्या बापाला फोन लावा म्हणालं. पौर्णिमा बॉलवर पाय ठेवून उभी राहिली. चाळीस मिनिटं. पाणी दिलं तर प्यायली नाही, खुर्ची आणली तर बसली नाही. शेवटी लोकच थकले. पेनल्टी घेतली गेली आणि गावच्या गोलीनं ती अडवली! मग त्याच लोकांनी तिला आग्रह करकरून चहा पाजला. घरी आल्यावर मधुकररावांनी विचारलं, “पोरी, तुले भेव नाई वाटलं?” ती म्हणाली, “वाटलं ना बाबा. पण बॉलवर पाय होता.”

नियम तिला तोंडपाठ होते, आणि त्याहून जास्त वेड नियम आले कुठून याचं. शाळेच्या उन्हाळी फुटबॉल शिबिराच्या पहिल्या दिवशी ती पोरींच्या हाती बॉल देत नसे. निंबाखाली बसवून सांगे. हा खेळ आधी नुसता दंगा होता. इंग्लंडातली गावंच्या गावं एका बॉलमागं धावायची, नदीनाले तुडवायची, हातपाय मोडायचे. पुढं तो शाळांमध्ये शिरला, तर प्रत्येक शाळेचा कायदा वेगळा. मग अठराशे त्रेसष्ट साली लंडनच्या एका खानावळीत काही क्लबांची माणसं जमली आणि बैठकांमागून बैठका घेऊन त्यांनी तेरा नियम लिहिले. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची की नाही यावरून त्यांच्यात इतकं वाजलं, की मारू पाहणारे उठून गेले आणि त्यांचा खेळ वेगळा झाला.

“तेव्हा गोलला आडवी दांडी नव्हती,” ती सांगे. “नुसते दोन खांब. दोघांमधे आठ यार्ड. गोल झाला की बाजू बदलायची. मैदानावर रेषा नव्हत्या, कोपऱ्यात फक्त झेंडे. बॉल बाहेर गेला की जो पहिला हात लावेल, त्याचा थ्रो. आणि बॉल कोणी हवेतच झेलला, तर त्यानं लगेच टाचेनं जमिनीवर खूण करायची. मग फ्री किक त्याची. तो लाथ मारत नाही तोवर समोरचा एकही जण त्या खुणेच्या पुढं येऊ शकत नाही. तो स्वतः मात्र पाहिजे तेवढा मागं जाऊ शकतो.”

“अन् रेफ्री कुठं उभा राहे, मॅडम?”

“त्या तेरा नियमांत रेफ्री नाईच,” पौर्णिमा म्हणे, आणि हे सांगताना दरवेळी तिला आत कुठंतरी चमत्कारिक वाटे. तो खेळ होता, पण त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या मुलींची स्पर्धा हिंगणघाटला घ्यायचं ठरलं. शाळेचं मैदान खोदून ठेवलेलं, म्हणून वेणा नदीच्या काठचं जुन्या गिरणीचं पटांगण मिळालं. ती गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली होती की तिचं नाव सांगणाराही उरला नव्हता. भिंती पडल्या होत्या, धुराड्याचा बुंधा तेवढा उभा होता. त्या जागेला लोक फुक्याचं पटांगण म्हणत. कोणी सांगे, तिथं फुकटात खेळता येई म्हणून. पौर्णिमालाही तेच खरं वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी ती मैदान आखायला गेली. सोबत मोजायची टेप आणि रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीची दोन पोती. चौकीदार बंडूजी म्हणून साठीचा माणूस होता, गेटजवळच्या टपरीवजा खोलीत राहायचा. पावणेबारा झाले तसा तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला.

“मॅडम, चला आता. बारा वाजून राह्यले. गेट लावतो.”

“उन्हामुळं का?”

“नाई. थंडीतबी लावतो. बाराही महिने बारा ते तीन बंद.” बंडूजी तिच्याकडं न पाहता म्हणाला. “माह्या अगोदरचा चौकीदार लावे. त्याच्या अगोदरचाबी लावे. काऊन लावत, ते मले कोणं सांगतलं नाई, अन् मी इचारलं नाई.”

“मग मला आत ठेवून लावा. माझं माप चुकतंय, ते झाल्याशिवाय मी येत नाही.”

बंडूजीनं थोडा वेळ किल्ल्या हातात खुळखुळवल्या आणि बाहेरून गेट ओढून घेतलं.

माप चुकत होतं, कारण पडक्या भिंतीपासून ताणलेली टेप कशाला तरी अडकत होती. नव्या गोलच्या जागेपासून बरंच मागं, वाळलेल्या गवतात तिला एक काळा दगड पायाला लागला. मधोमध गोल भोक, आत गंजाची लाल माती. पौर्णिमानं सहज टेप लावून बाजूला सरकत पाहिलं. चोवीस फुटांवर दुसरा तसाच दगड होता. चोवीस फूट म्हणजे आठ यार्ड. ती उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. आताचं मैदान संपलं, पडक्या भिंतीचे ढिगारे संपले, बाभळी लागल्या, आणि तिथं, नदीची दरड जवळ आलेली असताना, तिसरा आणि चौथा दगड सापडला. तिनं अंतर मोजलं. दोनशे यार्डांना थोडंच कमी. इतकी लांब मैदानं शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी आखली नव्हती.

त्याच वेळी मागं आवाज झाला. धप्प.

बॉलला लाथ बसल्याचा आवाज पौर्णिमानं झोपेतही ओळखला असता. पण हा तसा टणक नव्हता. ओला, जाड होता, भिजलेल्या चामड्याचा. ती वळली. पटांगण मोकळं होतं, उन्हानं पांढरं पडलेलं. पुन्हा धप्प. मग बरीच पावलं एकदम पळाल्यासारखी धमधम. आणि मग अगदी जवळून, दहा हातांवरून, कोणीतरी खोकलं. लांब, खालून उपसून काढल्यासारखा खोकला. त्यानंतर फूऽऽ असा श्वास सोडल्याचा आवाज. पुन्हा खोकला.

तिनं टेप गुंडाळली, पोती तिथंच सोडली आणि गेटवर येऊन बंडूजीला हाक मारली. तो गेटलाच टेकून उभा होता. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. पाण्याचा लोटा तेवढा पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिनं आखलेल्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. मुद्दाम पुसाव्यात तशा नव्हे. रेषा असतात हेच ठाऊक नसलेली माणसं त्यावरून पळत गेली होती. फक्कीवर बुटांचे ठसे उमटले होते, टाचेला नालासारखी लोखंडी पट्टी असलेले. आणि सगळ्यांपासून दूर, कडेला, उकिडवं बसलेल्या माणसाच्या अनवाणी पायांचे दोन ठसे. यायचे नाहीत, जायचे नाहीत. नुसते बसायचे.

दुसरी एखादी असती तर तिनं मैदान बदलून मागितलं असतं. पौर्णिमाच्या अंगात रोहण्याची जिद्द होती. तिनं पुन्हा रेषा आखल्या, डोक्याला ओढणी गुंडाळली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि बारा वाजता बंडूजीला म्हणाली, “लावा गेट.”

ऊन त्या दिवशी पंचेचाळीसवर होतं. जमिनीवर हवा थरथरत होती. त्या थरथरीतून आधी झेंडे दिसले. चार कोपऱ्यांत चार. मग खांब, नुसते खांब, वर दांडी नसलेले. आणि मग ती माणसं. एका बाजूला चौदा-पंधरा, दुसऱ्या बाजूलाही तितकीच. गळ्यापर्यंत बटणं लावलेले लोकरीचे सदरे, डोक्यावर टोप्या. टोप्यांच्या खाली चेहऱ्यांच्या जागी नुसतं ऊन होतं. कोणीही बोलत नव्हतं. सगळा कळप बॉलच्या मागं पळत होता. बॉलच्या पुढं एकही माणूस नाही, कारण त्या जुन्या कायद्यात पुढं बॉल द्यायची सोयच नाही. बॉल झेंड्यापलीकडं गेला की दोन्हीकडचे झेपावायचे, ज्याचा हात आधी लागेल तो फेकायचा. गोल झाला. सगळे मुकाट्यानं बाजू बदलायला निघाले.

पौर्णिमाचे पाय जमिनीला चिकटले होते. तरी डोळे काम करत होते, बावीस वर्षांची सवय. तिच्या लक्षात एक गोष्ट आली. भर दुपारी तिची सावली पायाखाली गोळा झाली होती. त्या माणसांच्या सावल्या मात्र तिरप्या होत्या, लांब, डिसेंबरात पडतात तशा.

एकानं दुसऱ्याच्या नडगीवर बूट घातला. हाड वाजलं. पौर्णिमाचा हात आपोआप वर गेला आणि तिनं शिट्टी फुंकली, होता नव्हता तेवढा जोर लावून.

कोणीच थांबलं नाही. एकानंही मान वळवली नाही. खेळ तसाच तिच्यासमोरून धडधडत गेला. त्यांच्या जगात शिट्टी अजून आलीच नव्हती.

एक जण मात्र वळला. मैदानाबाहेर, कडेला, उघड्या अंगाचा एक माणूस तिच्याकडं पाठ करून उकिडवा बसला होता. बरगड्या मोजता येत होत्या. तोंडाशी काहीतरी ओलसर, पांढुरकं धरून तो फुंकत होता. शिट्टी ऐकून त्याचं फुंकणं थांबलं आणि मान हळूहळू तिच्या बाजूला वळू लागली. फुगवलेले गाल दिसले. चेहरा दिसायच्या आत पौर्णिमा पळाली.

घरी आली तेव्हा मधुकरराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“कुठं गेलती?”

“पटांगणावर.”

“किती वाजता?”

“बारा-साडेबारा झाले असतीन.”

म्हाताऱ्यानं सुपारीचं तबक बाजूला सारलं. मग त्यानं असं काही विचारलं की पौर्णिमाला खाली बसावं लागलं.

“बसून होता, का पडलेला?”

तिनं तर त्या माणसाबद्दल अजून एक शब्द सांगितला नव्हता.

“बसून,” ती म्हणाली.

“म्हणजे पडला नाई अजून.” मधुकररावांनी मान हलवली. “आपला हाय तो. सोनबा. माह्या आज्याचा बाप. तुले सांगतलं नाई कधी, कारण माह्या बापानं सांगतलं होतं, पोरीबाळीले सांगू नोको. गिरणीत विलायतेहून एक इंजिनेर साहेब आलता. लहानपणी शाळेत जसा खेळला तसाच खेळ त्यानं इथं मांडला. तिकडं कायदे बदलले, यानं नाई बदलले. रबराचे ब्लॅडर बोटीनं येत, पण आपल्या उन्हात चिरून जात. मग डुकराच्या मुताची पिशवी वापरत. ती ओली असतानाच तोंड लावून फुकावं लागे. ते काम दुसरं कोण करन? आपल्या वस्तीतून सोनबाले नेला. लोक त्याले फुक्या म्हणत.”

मधुकररावांनी अडकित्ता उचलून पुन्हा खाली ठेवला.

“त्या पिशव्यांनी छाती खाल्ली त्याची. खोकला लागला. तरी रोज नेत. नाताळाचा दिवस होता म्हणे, गिरणीले सुट्टी, दुपारी डाव लावला. दोन बॉल फुटले. तिसरा यानं फुकला, गाठ मारली, चामड्यात घालून देल्ला, अन् तिथंच आडवा झाला.”

“मग?”

“मग काय? साऱ्यांनी पाह्यलं. पण डाव चालू होता ना.” मधुकररावांचा आवाज खाली गेला. “डाव पुरा केला त्यांनी. त्याच्याच दमानं भरलेल्या बॉलानं. संपला तवा जाऊन पाह्यलं तं हा थंडा. माहा आजा तवा रांगत होता. छप्पनसाली आपण धम्म घेतला, तवा माह्या बापानं घरातलं सारं जुनं बाहेर काढलं. ही सांगायची गोठ तेवढी राह्यली.”

त्या संध्याकाळी पौर्णिमा पुष्कळ वेळ अंगणात फेऱ्या मारत होती. भुतंखेतं तिनं कधी मानली नव्हती आणि आताही मानायची तिची तयारी नव्हती. तिला टोचत होतं ते वेगळंच. माणूस पडला आणि खेळ चालू राहिला. मैदानात कोणी जायबंदी झालं तर खेळ थांबवायचा, हे ती शिबिरातल्या सगळ्यात लहान पोरीलाही शिकवत असे. आणि इथं तिच्या रक्ताचा माणूस सव्वाशे वर्षं रोज दुपारी पडत होता, आणि रोज डाव पुरा होत होता.

सकाळी तिनं शिट्टी गळ्यात घातली नाही.

बंडूजी या वेळी गेट उघडेना. “मॅडम, तुमच्या बाबाचा फोन आलता. म्हणे, तिले जाऊ देजो, पण नजर ठेवजो. मले समजून नाई राह्यलं, मी काय करू.”

“त्यांनी सांगितलं तसंच करा.”

बारा वाजले आणि हवा थरथरू लागली. आज पौर्णिमा कडेला थांबली नाही. ती चालत गेली आणि चालता चालता ऊन संपलं. अंगाला गारवा लागला, हिवाळ्यातल्या दुपारचा. खाली पाहिलं तर तिची सावलीही आता तिरपी, लांब पडली होती, त्यांच्यासारखी. तेव्हा मात्र तिला मनापासून भीती वाटली. परत फिरावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी कडेला बसलेल्या माणसानं गाठ मारली. बॉल पुढं केला. एका टोपीवाल्यानं तो घेतला. आणि सोनबा बसल्या जागी कलंडला, पोतं कलंडावं तसा, काही आवाज न करता.

सगळ्या टोप्या क्षणभर तिकडं वळल्या. मग बॉल धप्पकन उडाला.

पौर्णिमा कळपात शिरली. खांदे, कोपर, लोकर, ओल्या चामड्याचा वास. कोणीतरी तिच्या नडगीवर मारलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. बॉल उंच उडाला, वर गेला, थांबला आणि खाली यायला लागला. बावीस वर्षं चालू खेळातल्या बॉलला तिचे हात कधी लागले नव्हते. रेफ्रीनं बॉलपासून दूर राहायचं असतं. आज तिनं दोन्ही हात वर केले आणि तो झेलला. छातीशी धरला. आणि उजव्या पायाची टाच अंगातला सगळा जोर लावून जमिनीत रुतवली.

कळप थांबला.

एकदम. पावलं जिथल्या तिथं. तिच्या टाचेच्या खुणेपासून हातभर अंतरावर त्यांचे बूट एका रांगेत उभे होते, एकही पुढं नाही. टोप्यांखालचं ते ऊन तिच्याकडं पाहत होतं. लाथेची वाट पाहत होतं. तो त्यांचाच कायदा होता, त्यांनी स्वतः इथं मांडलेला, आणि तो मोडायची मुभा त्यांच्यात कोणालाच नव्हती.

बॉल कोमट होता. तिच्या हातांत तो फुगत होता आणि बसत होता, अगदी थोडा, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

पौर्णिमा एक पाऊल मागं सरली. कोणी हललं नाही. आणखी एक. त्यांच्यावरची नजर न काढता ती मागं मागं चालत राहिली, शंभर पावलं, दीडशे, पाहिजे तेवढी. मैदान संपलं तेव्हा तिच्या पायाला काहीतरी लागलं. तिनं खाली पाहिलं. सोनबा कुशीवर पडला होता.

ती त्याच्याजवळ बसली. चामड्याची वादी घट्ट होती, बोटांनी सुटेना, म्हणून तिनं दातांनी ओढली. आतल्या पिशवीची गाठ सापडली. ती सोडताच हवा बाहेर येऊ लागली. एका बॉलमध्ये मावेल त्याहून किती तरी जास्त वेळ ती येत राहिली. तिच्या मनगटांवरून गेली, त्या माणसाच्या केसांवरून गेली. गवत हललं. शेवटी एक खोकला आला. तो पिशवीतून आला की त्याच्या छातीतून, हे तिला कळलं नाही. मग पिशवी तिच्या हातात ओल्या चिंधीसारखी पडली, आणि सोनबानं तोंड फिरवून तिच्याकडं पाहिलं.

त्यानंतर डोक्यावर झाकण पडावं तसं ऊन पडलं आणि पौर्णिमाला पुढचं काही आठवत नाही.

बंडूजीनं तिला उचलून रिक्षात घातलं. दोन दिवस ती सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. तिनंही हो म्हटलं. बंडूजीनं काय पाहिलं ते त्यानं नंतर सांगितलं. “तुम्ही एकट्याच मधात गेल्या. हवेतून काही झेलल्यावानी केलं. मग उलट्या पायानं चालत आल्या, एकदाबी मागं न पाहता, अन् अगदी नेमक्या कडेच्या त्या ठशांच्या जाग्यावर येऊन बसल्या. हात रिकामेच होते, मॅडम. पण तुमच्या नडगीवरचं ते काय हाय?” नडगीवर निळाकाळा वळ होता, बुटाच्या टोकाएवढा. तो महिनाभर राहिला.

स्पर्धा आठ दिवस उशिरा झाली, सकाळच्या उन्हात. शेवटच्या सामन्याला पौर्णिमाच रेफ्री होती. खेळ रंगला. कारंज्याच्या पोरी जिंकल्या, नाचल्या. मैदानाच्या मधल्या भागात एक जागा होती, तिथं मातीत पहार मारल्यासारखं टाचेएवढं भोक होतं. पौर्णिमानं ते माती टाकून बुजवलं होतं, वरून पाणी मारून चोपलं होतं. सत्तर मिनिटांत बावीस पोरी त्या जागेभोवती धावल्या. बॉलमागं सुसाट येणारी पोरगीसुद्धा तिथं आली की थोडी कडेनं जाई, गर्दीत उभ्या माणसांना चुकवावं तशी, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसे. इतर कोणाच्या ध्यानात आलं नाही. पौर्णिमाच्या आलं. त्या फ्री किकची लाथ तिनं मारली नव्हती, आणि मारायचा तिचा विचारही नव्हता.

बंडूजी आता बारा वाजता गेट लावत नाही. दुपारी तिथं काही ऐकू येत नाही, असं तो सांगतो. मात्र पटांगण ओलांडून पलीकडं जायचं असलं तर तो भिंतीच्या कडेकडेनं वळसा घालून जातो.

मधुकररावांनी दवाखान्यात काही विचारलं नाही, घरी आल्यावरही नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका रविवारी पौर्णिमा त्यांच्या वाकलेल्या खांद्यांना तेल लावत होती तेव्हा ते एकदम म्हणाले, “पोरी, त्याचा एक फोटू नाई आपल्याजोळ. त्या काळी आपला कोण फोटू काढन? तू तोंड पाह्यलं का त्याचं?”

“पाह्यलं.”

“कसा होता?”

पौर्णिमाचे हात थांबले. सांगावं की नाही, याचा तिनं थोडा विचार केला.

“तुमच्यासारखा नाई दिसत, बाबा. मिशी फुटत होती नुसती. एकोणीस-वीसचा असन. अश्विनपेक्षाबी लहान.”

अश्विन म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाचा मुलगा, नागपूरला इंजिनिअरिंगला होता. मधुकरराव रस्त्याकडं पाहत राहिले. त्यांनी आयुष्यभर त्या माणसाला मनात म्हातारा केलं होतं, पांढऱ्या केसांचा, काठी टेकणारा. पणजोबा म्हटल्यावर दुसरं काय येणार डोळ्यांपुढं?

“एवढुसा?” ते म्हणाले. मग जरा वेगळ्या आवाजात, “अन् मी त्याले इतके वर्सं मनातल्या मनात अहो-जाहो करून राह्यलो.”

पौर्णिमानं पुन्हा तेल घेतलं.